तुझ्या दोन अक्षरांचं दीड पान

चिरंजीव बटण यास मावशीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी तब्येत चांगली असेल, जेवण वेळेवर होत असेल आणि लिफ्टच्या डोक्यावर चढून काम करताना कमरेचा पट्टा लावत असशील असं गृहीत धरून पुढे लिहिते. इकडे आम्ही दोघी बहिणी ठीक आहोत. तुझ्या आईचा गुडघा होता तसाच आहे, माझा रक्तदाब होता तसाच आहे आणि जिन्याच्या पायऱ्या बेचाळीस होत्या तेवढ्याच आहेत. (वरचे आशीर्वाद मी पूर्ण लिहिले आहेत हे तुझ्या लक्षात आलं असेल. एरवी आमच्या पिढीनं 'चि.' आणि 'अ.उ.आ.' एवढ्यावर भागवलं असतं. शेवटी 'क.लो.अ.' लिहिलं की आम्ही मोकळे, मग तो लोभ ज्याचा त्यानं उलगडून घ्यावा. तेव्हा शब्द तोडण्याचं पाप फक्त तुमच्या पिढीनं केलं असा आव मी आणत नाही. पण या पत्रात मी माझा एकही शब्द तोडणार नाही अशी शपथ घेतली आहे. का, ते पुढे कळेलच. खुर्चीत बसून वाच, लिफ्टवर वाचू नकोस.)

तू चौदा तारखेला चार दिवसांसाठी येतो आहेस हे कळलं. (तू 'ओएमडब्ल्यू १४' असं कळवलंस. त्याचा अर्थ 'वाटेत आहे' असा होतो म्हणे. आज दोन तारीख. बारा दिवस तू कुठल्या वाटेत असणार हे मी विचारत नाही.) तुझी आई आनंदात आहे आणि मी तीन दिवस जेवलेले नाही. म्हणजे जेवले, पण अंगी लागलं नाही. कारण तू घरात पाऊल टाकलंस की अर्ध्या तासाच्या आत माझं बिंग फुटणार आहे. फुटलं तर मी या वयात ताईला तोंड कसं दाखवू, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे. ते फुटू द्यायचं की झाकायचं हे आता सर्वस्वी तुझ्या हातात आहे, म्हणून हा खटाटोप.

मुळापासून सांगते. गेल्या वर्षी तू आईला तो मोबाइल घेऊन दिलास आणि आता रोज मेसेज करीन असं म्हणून गेलास. तू जिना उतरून खाली पोचायच्या आत तो मोबाइल बटणांच्या ड्रॉवरमध्ये गेला होता. मला म्हणाली, मला नाही बाई दिसत ती बारीक अक्षरं, तूच बघ, तुझा जन्म कागदांत गेलाय. (हे डोळ्यांचं प्रकरण मला अजून उमगलेलं नाही. हीच बाई सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवते आणि काळ्या कापडावर काळ्या दोऱ्यानं काजं करते. मी तिला खालच्या चष्मेवाल्याकडे नेलं, तर तिला तपासून तो म्हणाला, या वयात असे डोळे मी आजवर पाहिले नाहीत. मला वाटलं, फारच बिघडलेले असणार. चष्मा मात्र त्यानं दिला नाही. ताई म्हणाली, तक्त्यावरची अक्षरं मोठी होती. असतील. रोजच्या सवयीचं काम हात आपोआप करतात.) मी निवृत्त होऊन तेव्हा चार महिने झाले होते. वेळ होता, म्हणून मी हो म्हटलं. (मी ते चार महिने नुसती भिंतीकडे बघत बसले होते असं काही लोक सांगतात. भिंतीला रंग द्यायचा होता आणि कुठला द्यावा हे मी ठरवत होते. ती घाईनं ठरवायची गोष्ट नव्हे. अजून दिलेला नाही.)

तर पाचव्या दिवशी तुझा पहिला मेसेज आला. ताई शिवत होती. फोन वाजला तसा तिचा पाय पायट्यावर थांबला आणि ती म्हणाली, काय म्हणतोय गं? मी बघितलं. तू 'जीटीजी. टीटीवायएल.' असं म्हणत होतास. सात अक्षरं, त्यांत शब्द म्हणून एक नाही. मी चौतीस वर्षं लघुलेखिका होते, वाकड्यातिकड्या रेघांवरून माणसाचं अख्खं भाषण काढून दिलेलं आहे, आणि पोटच्या पोरासारखा वाढवलेला भाचा काय म्हणतो ते मला कळू नये. ताईला म्हटलं, मोठं पत्र आहे, कागदावर उतरवून आणते, आणि तडक खाली चष्मेवाल्याकडे गेले. तो दिवसभर लोकांकडून बिनअर्थाची अक्षरं वाचून घेतो, त्यामुळे त्याला या विद्येत गती आहे. त्यानं बघून सांगितलं, 'निघायला हवं. नंतर बोलू.' संपलं. मी विचारलं, एवढंच? तो म्हणाला, एवढंच.

आता तूच सांग, पाच दिवस वाट बघणाऱ्या बाईला हे सांगायला बेचाळीस पायऱ्या चढून जायचं? मी मधल्या मजल्यावर कठड्याला टेकून विचार केला. साहेबांकडे नोकरी केली ती अशी की, साहेब खिडकीबाहेर बघत म्हणायचे, 'त्या बिजागऱ्यावाल्याला नाही म्हणा, पण गोड.' इतकंच. त्यावर मी दीड पान टाइप करून ठेवायचे, त्यात त्याच्या मागच्या मालाचं कौतुक असायचं, त्याच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी असायची, आणि नकार असा असायचा की तो माणूस आभाराचं पत्र पाठवायचा. साहेब न वाचता सही करायचे. एकदा त्यांनी वाचलं आणि म्हणाले, मी इतका चांगला माणूस आहे हे मला ठाऊक नव्हतं. आमच्या धंद्याचा नियमच हा, की साहेब जे बोलले ते टाइप करायचं नसतं, त्यांना जे बोलायचं असणार ते करायचं असतं. तेव्हा मी खोलीत जाऊन टाइपरायटरवरचं कापड काढलं, कार्बन घातला (नक्कल ठेवल्याशिवाय मी आजवर कागद बाहेर सोडलेला नाही) आणि लिहिलं की, आई, कामावर निघायची वेळ झाली आहे, पण तुझ्याशी बोलायचं सोडून पाय उचलत नाही. इथून पुढे एक पान. त्यात मी तुझं बिऱ्हाड, खिडकी आणि खिडकीतलं रोप वर्णन केलं. तुझ्याकडे रोप नसलं तर चौदाच्या आत एक घे, त्याला फुलं येऊन गेली आहेत.

ताईनं ते ऐकलं, एकदा पुन्हा वाच म्हणाली, मग कागदाची घडी करून बटणांच्या डब्यात ठेवली आणि मशीन सुरू केलं. त्या संध्याकाळी ती शिवताना गुणगुणत होती. बटण, मी माझं मन मोकळं करून सांगते, मला त्या दिवशी फार बरं वाटलं. आणि मग जे व्हायचं ते झालं. आता डब्यात तुझी एकसष्ट पत्रं आहेत.

कोणी म्हणेल मी 'ध'चा 'मा' केला. साफ खोटं. मी 'ध'चा धडा केला, पण 'ध' कायम ठेवला. त्यासाठी मी वही घातली आहे. पहिल्या रकान्यात तुझी अक्षरं, दुसऱ्यात चष्मेवाल्याचा अर्थ आणि तिसऱ्यात तुला काय म्हणायचं असणार ते. रोज चार ते पाच मी नुसती वही घेऊन त्याच्या दुकानात बसते. 'आयडीके' म्हणजे 'मला माहीत नाही', 'एनव्हीएम' म्हणजे 'जाऊ दे', 'टीबीएच' म्हणजे 'खरं सांगायचं तर'. (तू टीबीएच लिहून पुढे काहीच लिहीत नाहीस. खरं सांगायचं तर काय? माझी रात्रीची झोप जाते.) एका बाबतीत चष्मेवाल्याचा आणि माझा अजून वाद आहे. तो म्हणतो, ही पोरं एवढा विचार करून लिहीत नाहीत, लिहायचं म्हणून लिहितात. मी त्याला सांगितलं, आमचे साहेबही विचार करत नव्हते, तो मीच करायचे. त्यावर त्यानं माझा चष्मा पुसून दिला.

पण करायला गेले एक आणि झालं भलतंच, हे मात्र खरं. गेल्या वर्षभरात तुला घरून काही वस्तू आल्या, त्यांचा उलगडा आज करते. तू एकदा 'आरओएफएल' पाठवलंस. जमिनीवर लोळून हसतो आहेस असा अर्थ निघाला. मी ते इमानानं कळवलं. ताईनं शिवण थांबवून विचारलं, एवढं काय झालं हसायला? मग मला एक विनोद रचावा लागला. (साहेबांचा जुना होता. लिफ्टला लागू केला.) विनोद तिला आवडला, पण तिला लगेच चिंता पडली ती जमिनीची. थंडीचे दिवस, पोरगं गार फरशीवर लोळतंय. तिसऱ्या दिवशी आतून लोकर लावलेले दोन बनियन रवाना झाले. पुढे तू 'एसएमएच' असं कळवलंस. मान हलवतो आहेस, म्हणजे कपाळावर हात मारल्यासारखं, असं चष्मेवाला म्हणाला. नेमकी त्या दिवशी मला घाई होती, मी फक्त 'मान हलवतो आहे' एवढंच टाइप केलं, आणि ताईनं ओळखलं की तुझी मान धरली आहे. आता मान धरलेली नाही असं मी कुठल्या तोंडानं सांगणार? तीन पत्रं तुझी मान दुखत होती. मी ती बरी करायची खूप खटपट केली, पण ती एकदम बरी झाली असती तर ताईला संशय आला असता. मार्चमध्ये तुला मिळालेली मानेची उशी ती हीच. ती मिळाल्यावर तू 'डब्ल्यूटीएफ?? टीएचएक्स' असं कळवलंस. पहिल्या तीन अक्षरांपाशी चष्मेवाल्यानं घसा खाकरला आणि म्हणाला, आश्चर्य व्यक्त करतात. मी ते आश्चर्य आणि पुढच्या अक्षरांतले आभार पाऊण पान व्यक्त केले. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं.

आता जरा नाजूक भाग. (पाणी पिऊन घे.) ऑगस्टमध्ये तू 'बीएफएफसोबत. टीटीवायएल' असं लिहिलंस. जन्माचं जिवलग माणूस असा त्याचा अर्थ. पण माणूस म्हणजे कोण, तो की ती? तुमच्या त्या अक्षरांना त्याची फिकीर नाही. इथे मात्र जेवायला बरोबर आला होता की आली होती हे ठरवल्याशिवाय माझं वाक्य पुढे सरकेना. मी टाइपरायटरपुढे दहा मिनिटं बसले. मग मनात म्हटलं, पोरगं चौतीस वर्षांचं झालं, काय हरकत आहे? आणि 'आली होती' असं टाइप केलं. तिला मी नाव दिलेलं नाही. तुमच्या कंपनीत बिघाडाच्या तक्रारींचा फोन घेते, आवाज शांत आहे, अडकलेल्या माणसांना धीर देते, इतकंच. ताईनं ते ऐकलं. उठली आणि कपाटातून ते राखून ठेवलेलं निळं लोकरीचं कापड काढलं. तेव्हापासून त्या मुलीसाठी कोट चालू आहे. रोज संध्याकाळी मला उभं करून माझ्या अंगावर टाचण्या लावते. तुझ्याच बांध्याची असेल असं मला म्हणते. मी म्हटलं, तिशीतली मुलगी माझ्या बांध्याची कशी असेल? तर म्हणते, शांत आवाजाच्या बायका अशाच असतात. मला चार ठिकाणी टोचलं आहे, पण चोराच्या मनात चांदणं, मी ओरडत नाही.

इथवर जे सांगितलं त्याची मला लाज नाही. लाज आहे ती पुढच्या गोष्टीची. तुला आईकडून जी उत्तरं येतात ती मी पाठवते. ताई मशीनवर बसून सांगते, मी पेन्सिलनं लघुलिपीत उतरवते, वीस-वीस मिनिटं. मग ते त्या मोबाइलवर चढवायचं. बटण, मी दहा बोटांनी मिनिटाला साठ शब्द टाइप करणारी बाई. त्या एवढ्याशा काचेवर एका अंगठ्यानं मला 'आई' लिहायला तीन मिनिटं लागतात, आणि तेही पुसून भलतंच होतं. पहिल्या वेळी मी पाऊण तास झगडले. शेवटी वहीत बघितलं, चष्मेवाल्याला विचारलं आणि 'के' असं पाठवून दिलं. नंतर तीच वाट पडली. तुझ्याशी आई वर्षभर 'के', 'एनपी' आणि 'टीसी' अशी बोलते आहे, म्हणजे 'बरं', 'हरकत नाही' आणि 'जप'. तू जूनमध्ये विचारलंस की आई रागावली आहे का, तेव्हा तर तिनं अर्धा तास सांगितलं होतं आणि तुला गेलं 'एनबीडी'. त्यात काय एवढं, असा त्याचा अर्थ आहे हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. तुझं पत्र फुगवलं याचं मला काही वाटत नाही. तिचं कापलं याचं वाटतं. ती प्रत्येक टिपणवही माझ्याकडे जपून आहे, आणि गेल्या तीन दिवसांत मी सगळं उलगडून स्वच्छ टाइप केलं आहे. ते सोबत आहे. जूनचं आधी वाच. त्यात ती म्हणते की, रागावले नाही, तुझा फोन ठेवल्यावर घर जरा मोठं वाटतं एवढंच, आणि ते तुला सांगू नये असं वाटतं पण सांगते. ते 'एनबीडी' नव्हतं रे.

आता चौदा तारखेचं. रविवारी तू चार मिनिटं फोन करतोस तेव्हा मी ताईला चिकटून बसलेली असते. पत्रांचा विषय निघायला लागला की मला ठसका लागतो. शिवाय मी तिला सांगून ठेवलं आहे की तू पत्रांच्या बाबतीत लाजाळू आहेस, तोंडावर काढायचं नाही. वर्षभर तिनं ते पाळलं. पण काल जेवताना म्हणाली, 'तो आला की त्याच्याकडून एक पत्र वाचून घेणार आहे. त्याच्या तोंडून. अडतिसावं.' मला खरोखरीचा ठसका लागला.

अडतिसावं म्हणजे तू 'जीएन' एवढंच लिहिलं होतंस ते. शुभ रात्री. त्याचं मी दीड पान केलं. आई, इथे सगळीकडे शांत असतं आणि मला झोप लागत नाही. तुझ्या मशीनचा आवाज असला की पडल्या पडल्या डोळा लागायचा. कोणीतरी आपल्यासाठी जागं आहे असं वाटायचं. त्या आवाजाचं मी तुला कधी काही बोलले नाही, इत्यादी. (नकलेत 'बोलले नाही' असंच आहे, तू वाचताना 'बोललो नाही' असं वाच. मी आजवर टाइपात चूक केलेली नाही, ही एकच.) कुठून सुचलं कोण जाणे, बोटं आपोआप चालली. ते पत्र वाचून दाखवलं त्या दिवशी ताईनं मला पुन्हा वाच म्हटलं नाही. बराच वेळ कात्री शोधत होती. कात्री तिच्या मांडीवरच होती.

तेव्हा सगळ्या एकसष्ट नकला सोबत जोडल्या आहेत, क्रमांक आणि तारीख घालून. बारा दिवस आहेत, दिवसाला पाच वाचल्यास तरी शेवटी एक उरते, तेवढी गाडीत वाच. अडतिसावं पाठ कर. मान दुखत होती ती डावीकडे. रोप विसरू नकोस. आईनं विचारलं की तू इतकं चांगलं लिहायला कुठे शिकलास, तर शाळेत असं सांग, मावशीकडे बघू नकोस. मी ताईला फसवलं असं तुला वाटलं तर मला वेगळं बोलावून खुशाल बोल, मी ऐकून घेईन. पण तिच्या डब्यातली पत्रं तुझीच राहू देत.

कळावे, लोभ आहे तो वाढवावा, कमी करू नये, ही मनापासून विनंती.

तुझी,
मावशी

ताजा कलम: तक्रारींचा फोन घेणाऱ्या मुलीच्या खांद्याचं माप हवं आहे. अशी मुलगी तुमच्या कंपनीत खरोखर असल्यास उत्तमच. नसल्यास तिची दुसऱ्या शहरात बदली झाली असं मी बासष्टाव्या पत्रात घालीन. पण कोट फार सुरेख झाला आहे, तेव्हा आधी नीट शोध घे.

आणखी एक ताजा कलम: पाकीट इतकं जाड झालं आहे की गोंद धरत नाही. ताईला सांगितलं आहे की ऑफिसचे जुने कागद आहेत, कडेनं चार टाके घालून दे. ती काही आत बघणार नाही, आणि बघितलं तरी तिला अक्षरं दिसत नाहीत.

शेवटचा ताजा कलम: हे सगळं वाचून तुला वाईट वाटेल आणि आता आपणच आईला मोठी पत्रं लिहावीत असं तुझ्या मनात येईल. यावंच. चांगलीच गोष्ट आहे. मुलानं लिहावं ते मुलानंच लिहावं. फक्त सुरू करायच्या आधी मला दोन दिवस कळव. मग मी त्या भिंतीच्या रंगाचं बघायला घेईन.

(याखाली वेगळ्या अक्षरात, शिवणाच्या खडूनं ओढलेल्या रेघेवर)

बटण, मी आई. पाकिटाला टाके घालायच्या आधी आत काय आहे ते चाचपायची मला सवय आहे. खिशात लोकांच्या सुया राहतात.

मला अक्षरं दिसतात. पहिल्यापासून दिसतात. तू फोन दिलास तेव्हा तुझी मावशी चार महिने त्या भिंतीसमोर बसलेली होती. जेवायला हाक मारली की आले म्हणायची आणि यायची नाही. मला दुसरं काही सुचलं नाही. पहिलं पत्र घेऊन माझ्यापुढे आली तेव्हा तिनं केस विंचरले होते, पदर नीट होता. तेव्हाच मी पक्कं ठरवलं की आपल्याला आता दिसत नाही ते नाहीच. चष्मेवाल्याला मी सांगून ठेवलंय, तो बिचारा वर्षभर तोंड मिटून आहे.

चार ते पाच ती खाली असते. तेव्हा मी फोन काढून तुझं खरं वाचते. तू आहेस, हसतोस, कामाला गेलास, एवढं कळतं. मला तेवढं पुरतं. 'के' पण बघितले. मी वीस मिनिटं सांगते ती तिची पेन्सिल चालावी म्हणून. पण सांगितलं ते सगळं खरं आहे, म्हणून तू वाच.

कोट तिचाच आहे. तिच्याच अंगावर बेतलाय, तिला कळलं नाही तर मी काय करू. रोप घे, ते मला आवडलंय. ती मुलगी मिळाली तर बघू, कापड उरलंय.

आणि अडतिसावं. मशीन सुरू झालं की तू भोकाड पसरायचास, घर डोक्यावर घ्यायचास. तुझ्यामुळे मला दोन वर्षं हातानं शिवावं लागलं. मशीनच्या आवाजात झोप लागायची ती हिला. टायपिंगच्या क्लासला जायची तेव्हा, माझ्या पायाशी अंथरूण घालून. मला वाटायचं हिला त्रास होत असेल, पण काम थांबवता येत नव्हतं. इतकी वर्षं ते माझ्या मनात होतं. ही जन्मात तोंडानं सांगणार नव्हती. तेव्हा ते पत्र तू वाच. तिच्यासमोर, मोठ्यानं. 'बोलले नाही' आहे तिथे 'बोलले नाही' असंच वाच, दुरुस्त करू नकोस. तू वाच, मी तिच्याकडे बघेन.

परत गेलास की दोनच अक्षरं पाठवत जा. मोठी पत्रं लिहिलीस तर खबरदार.

अ.उ.आ.

(अर्थ तिला विचारू नकोस. दीड पान लिहील.)